फावल्या वेळच्या गोष्टी : लांबचा नेम

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या हातून एक चूक घडली. ती चूक होती हें कळावयास मला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत जें पाहिलें तें या सदरांत लिहावें कीं नाहीं, या विचारांत आणखी एक महिना गेला. मागील अंकांत लोणच्याच्या बरण्यांविषयीं लिहिणारी बाई या अंकांत बंदुकीच्या नेमाविषयीं लिहूं लागली, हें पाहून वाचकभगिनींस हंसूं येईल. येऊं द्यावें.

आमच्या घरीं रात्रीं साडेआठ वाजतां पानें मांडलीं जातात. माणसें अकरा. त्यांतील दोघे नोकरीवरून उशिरां येतात, बाकीचीं सर्व एका पंक्तीस बसतात. हा मामंजींचा शिरस्ता. थोरल्या भाऊजींचा मुलगा यंदा बारावीला आहे. त्याला हांक मारावी तर आंतून "आलों, दहा मिनिटें!" एवढेंच उत्तर येई, आणि वरण थिजेपर्यंत स्वारीचा पत्ता नसे. भाऊबीजेच्या आदल्या रात्रीं तीन हांका झाल्या. चौथ्या वेळीं मी उठलें आणि दिवाणखान्यांतील इंटरनेटच्या पेटीचें बटणच बंद करून टाकलें. मुलगा बाहेर आला. एक शब्द बोलला नाहीं. खालीं मान घालून जेवला, ताट उचललें आणि गेला. त्यानंतर माझ्याशीं त्याचें बोलणें कामापुरतें झालें. "काकू, चहा झाला का?" एवढें. लाडका पुतण्या असा तुटक वागूं लागला तेव्हां मला वाईट वाटलें खरें, पण मनांत मी हेंच म्हणत होतें कीं, एका खेळासाठीं केवढा हा रुसवा!

दोन दिवसांनीं भाऊजींनीं व जाऊबाईंनीं ठरविलें कीं, परीक्षा होईपर्यंत तो संगणक माळ्यावर टाकावा, आणि हें त्याला मीं सांगावें. कारण माझें तो ऐकतो. आतां तो माझें ऐकत नव्हता, हें मी कोणत्या तोंडानें सांगणार? म्हणून म्हटलें, "मी आधीं त्याच्याजवळ बसून तें काय आहे तें पाहतें." मामंजींनीं वर्तमानपत्रांतून डोकें वर काढलें. "मीही येतों," म्हणाले. त्यांनीं हायस्कुलांत एकतीस वर्षें पदार्थविज्ञान शिकविलें आहे, आणि निवृत्त झाल्यापासून शिकविण्यासारखें घरांत कोणी सांपडत नाहीं, हें त्यांचें दुःख आहे.

खेळाचें नांव पबजी. तें ठाऊक नाहीं असें घर आतां विरळा. दक्षिण कोरियांत तयार झालेला हा खेळ २०१७ सालीं संगणकावर आला. मूळ कल्पना ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थाची. पुढल्याच वर्षीं तो मोबाईलवर उतरला. २ सप्टेंबर २०२० रोजीं आपल्या सरकारनें मोबाईलवरील खेळावर बंदी घातली, तेव्हां सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या आयांत माझ्या जाऊबाईही होत्या. २०२१ सालीं तो बीजीएमआय या नव्या नांवानें परत आला, २०२२ मध्यें पुन्हां गेला, आणि २०२३ मध्यें पुन्हां आला. आमचा मुलगा तोंपर्यंत संगणकावर खेळूं लागला होता, त्यामुळें या जाण्यायेण्याचें त्याला सोयरसुतक नव्हतें.

शंभर माणसें विमानांतून एका बेटावर उडी घेतात. एरांगेल हें त्यांतलें सर्वांत जुनें बेट आठ किलोमीटर लांब व आठ किलोमीटर रुंद आहे. कोणाजवळ प्रारंभीं कांहीं नसतें. रिकाम्या घरांतून बंदुका, शिरस्त्राणें, औषधें वेंचावयाचीं. खेळण्याची जागा वर्तुळाकार आवळत जाते, आणि जो किंवा जी तुकडी शेवटीं उरेल ती जिंकते. चौघांची तुकडी करून खेळतात. आमच्या मुलाच्या तुकडींत एक पुण्याचा, एक बेळगांवचा आणि एक नागपूरचा, अशीं आणखी तीन मुलें आहेत. एकमेकांस त्यांनीं कधीं प्रत्यक्ष पाहिलेलें नाहीं.

या तुकडींत आमच्या मुलाचें काम लांबून नेम धरण्याचें. स्नाइपर हा शब्द मुलांच्या तोंडीं सारखा असतो. मामंजींनीं लगेच कोश काढला. स्नाइप म्हणजे पाणथळींतला एक लहान, वांकड्यातिकड्या गतीनें उडणारा पक्षी. तो टिपणें फार कठीण, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांत असलेले इंग्रज अंमलदार घरीं पाठविलेल्या पत्रांत या शिकारीविषयीं लिहीत, त्यांतून हा शब्द पुढें आला. "म्हणजे शब्द आपल्याकडच्या चिखलांतूनच गेला म्हणावयाचा!" मामंजी खूष होऊन म्हणाले. मुलगा त्या दिवशीं प्रथमच किंचित् हंसला.

माझी समजूत अशी होती कीं, दुर्बिणींतून पाहावें, फुली माणसावर धरावी आणि बटण दाबावें. सरावाच्या मैदानांत मला पहिल्या संध्याकाळीं त्यानें बंदूक दिली. तेथें कोणी मरत नाहीं. कार-९८ नांवाची ती बंदूक १९३५ सालीं जर्मन सैन्यानें स्वीकारलेल्या माउझर बंदुकीवरून घेतलेली आहे. पांच गोळ्या भरतात, आणि प्रत्येक गोळीनंतर खिटी मागें ओढून पुढें ढकलल्याशिवाय दुसरी सुटत नाहीं. शंभर मीटरांवरची पाटी मीं पहिल्याच गोळींत फोडली. चारशें मीटरांवरची चौदा गोळ्यांत फुटली नाहीं. नेम छातीवर, आणि धूळ उडे ती पायांशीं.

मामंजींनीं वही उघडली. या बंदुकीची गोळी सेकंदाला ७६० मीटर जाते. म्हणजे चारशें मीटर जावयास तिला अर्ध्या सेकंदाहून किंचित् अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळांत ती गुरुत्वाकर्षणानें एक मीटर छत्तीस सेंटिमीटर खालीं येते. दुर्बीण शंभर मीटरांच्या अंतराला बांधलेली असल्यामुळें नळी मुळांतच जराशी वर रोखलेली असते; तें वजा करूनही गोळी एक मीटर खालींच लागणार. अंतर दुप्पट केलें तर गोळीचें पडणें दुप्पट नव्हे, चौपट होतें. "गॅलिलिओ!" मामंजी म्हणाले, आणि मुलाकडे अशा नजरेनें पाहिलें कीं, जणूं त्याला गॅलिलिओ ठाऊक आहे हें त्यांना आजच कळलें. मुलाला तें ठाऊक होतें, पण बोटांना. दुर्बिणीचें अंतर एका बटणानें शंभर-शंभर मीटर वाढवितां येतें. अथवा फुलीच्या खालीं ज्या बारीक खुणा असतात त्यांपैकीं योग्य ती माणसावर ठेवावी. अंतर कळावें कसें? नकाशावर मोठा चौकोन एक किलोमीटरचा आणि आंतला लहान चौकोन शंभर मीटरांचा असतो, ते मोजावयाचे. मोजावयास सवड नसेल तर खिडकीच्या, दाराच्या उंचीवरून अदमास करावयाचा. अदमास चुकला तर गोळी जमिनींत जाते, आणि समोरच्याला आपण कोठें आहों तें समजतें.

हें झालें उभ्या माणसाचें. धांवत्या माणसाची गोष्ट याहून विलक्षण. धांवणारा सेकंदाला सुमारें सहा मीटर जातो असें धरलें, तर गोळी पोंचेपर्यंत तो तीन मीटरांहून पुढें गेलेला असतो. म्हणून नेम त्याच्यावर धरावयाचाच नाहीं. तो जेथें असणार त्या रिकाम्या जागेवर धरावयाचा. एडब्ल्यूएम नांवाची एक भारी बंदूक आहे, तिची गोळी सेकंदाला ९४५ मीटर जाते. तेथें अडीच मीटर पुढें धरलें तरी पुरतें. उलट व्हीएसएस या मुक्या बंदुकीची गोळी ३३० मीटरांनीं जाते. चारशें मीटरांवर तिच्यासाठीं सात मीटर पुढें नेम धरावा लागेल, म्हणजे आमच्या दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपलीकडे. हवेचा अडथळा हिशेबांत घेतला तर हे आकडे आणखी थोडे वाढतील. मला हें वहींत कळलें, पण डोळ्यांना पटेना. समोर माणूस दिसत असतां मोकळ्या गवतावर गोळी झाडावयास मन धजत नाहीं. तेव्हां मुलानें नागपूरच्या आपल्या सोबत्याला बोलावलें. तो बिचारा माझ्या सरावासाठीं अर्धा तास त्या मैदानांत इकडून तिकडे धांवत होता. मधून मधून विचारी, "काकू, लागली का हो?" एकदां लागली. मीं इतक्या मोठ्यानें ओरडलें कीं, जाऊबाई हातांतली पळी घेऊन धांवत आल्या.

सर्वच खेळांत असें नसतें. काउंटर-स्ट्राइक या त्याहून जुन्या खेळांत गोळीला प्रवासच नाहीं. बटण दाबलें त्याच क्षणीं ती पोंचलेली असते, पडत नाहीं, वळत नाहीं. तेथें सगळी करामत कोपरा धरून बसण्यांत आणि हात स्थिर ठेवण्यांत. चालतां चालतां झाडली तर गोळी भलतीकडे जाते. बॅटलफील्ड नांवाच्या खेळांत मोठी दुर्बीण डोळ्यास लावली कीं तिच्या भिंगाची चमक समोरच्याला दुरून दिसते. म्हणजे जो अधिक स्पष्ट पाहूं जातो तो अधिक स्पष्ट दिसतो. फिनलंडचा सिमो हायहा हा १९३९-४० च्या हिंवाळी युद्धांतला प्रख्यात नेमबाज दुर्बीण वापरीत नसे. भिंगाची चमक नको, आणि साध्या माशीवरून नेम धरतांना डोकें बर्फाच्या वर कमी काढावें लागतें, अशीं दोन कारणें त्याची सांगतात. खेळ रचणारांनीं हें सारें कोठून उचललें असेल याचा उलगडा होतो.

श्वासाचीही व्यवस्था आहे. धांवत येऊन लगेच नेम धरला तर फुली वाऱ्यावरच्या पानासारखी हालते. पालथें पडलें तर ती निवते. एक कळ दाबली कीं खेळांतला माणूस श्वास रोखतो आणि फुली स्थिर होते. पण थोडाच वेळ, मग त्याला धाप लागते. येथें मात्र मला खेळाचा राग आला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिकला पन्नास मीटर रायफलच्या विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यांतल्याच स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटरांच्या तीन पवित्र्यांत कांस्यपदक मिळविलें. त्या लक्ष्याचें आंतलें दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें, करंगळीच्या नखाएवढें. दोन श्वासांमधल्या स्वाभाविक विसाव्यांत घोडा ओढावा लागतो, आणि तो विसावा सांपडला नाहीं तर बंदूक खालीं घेऊन पुन्हां आरंभ. त्यासाठीं वर्षें जातात, आणि येथें एक कळ! मीं हें बोलून दाखविलें. पुतण्या म्हणाला, "काकू, कळ दाबणें सोपें आहे. केव्हां दाबावी हें कठीण." मला उत्तर सुचलें नाहीं.

कानांचेंही काम आहे. कोणी आपल्यावर गोळी झाडली तर प्रथम 'चट्' असा आवाज येतो. ती गोळी ध्वनीच्या पुढें धांवत आपल्या कानाजवळून गेली. मग 'धप्' असा बंदुकीचा आवाज मागाहून पोंचतो. चारशें मीटरांवरून झाडली असेल तर या दोहोंत अर्ध्या सेकंदाहून थोडें अधिक अंतर पडतें, आठशें मीटरांवरून एक सेकंदाहून अधिक. वीज चमकल्यावर गडगडाट होईपर्यंत लहानपणीं आपण एक, दोन, तीन म्हणत असूं, तेंच हें. हा हिशेब मामंजींना इतका आवडला कीं, ते दुसऱ्या दिवशीं डोळे मिटून केवळ आवाज ऐकत बसले आणि "साडेतीनशें!" असें मधेंच ओरडले. तें चूक निघालें, पण फारसें नव्हे.

एवढें शिकल्यावरही जें मी पाहत होतें त्याचा मोठा भाग गोळी झाडण्याचा नव्हताच. तीस मिनिटांच्या डावांत हा मुलगा पांच-सात वेळांहून अधिक गोळी झाडीत नसे. उरलेला वेळ टेकडीच्या अगदीं माथ्यावर न बसतां थोडें खालीं बसणें, कारण माथ्यावर आकाशाच्या पाठभूमीवर माणूस उठून दिसतो. दोन गोळ्या झाडल्या कीं जागा बदलणें. आठपटीच्या दुर्बिणींत एकच झाड दिसतें व आजूबाजूचें जग नाहींसें होतें, म्हणून पाठीमागें सोबत्याला राखणीस बसविणें. आणि सोडून देणें. माणूस स्पष्ट दिसत असे, मी कुजबुजत असें "मार ना!", आणि तो मान हालवी. "तो एकटा नाहीं. बाकीचे तिघे कोठें आहेत तें दिसेपर्यंत नाहीं." एकदां त्यानें सहा मिनिटें एकही गोळी झाडली नाहीं. हाच मुलगा गणिताच्या पुस्तकापुढें सहा मिनिटें स्थिर बसत नाहीं, असें जाऊबाई म्हणतात. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं.

नवव्या संध्याकाळीं सासूबाई मटार सोलण्याचें ताट घेऊन आमच्यांत येऊन बसल्या. पोचिन्की या गांवावरच्या टेकडीवर चौघे दबा धरून होते. खालीं रस्त्यावरून एकजण धांवला. मुलानें पुढें धरून गोळी झाडली, आणि तो पडला. मेला नाहीं. तुकडीच्या खेळांत गडी एकदम मरत नाहीं. तो रांगूं लागतो, आणि सोबत्यानें जवळ येऊन कांहीं सेकंद बसून त्याला उठविलें तर वांचतो. दुसरी गोळी घालतां आली असती. मुलानें घातली नाहीं. सासूबाईंना बरें वाटलें.

"सोडलास ना त्याला? चांगलें केलेंस."

मुलगा पडद्यावरची नजर न काढतां म्हणाला, "नाहीं आजी. त्याला उठवायला कोणीतरी येईल."

कोणीतरी आला. भिंतीआडून निघून वांकत वांकत तो पडलेल्याजवळ जाऊन बसला. गोळी सुटली, आणि तोही पडला. सासूबाईंच्या हातांतली शेंग तशीच राहिली. "मदतीला आलेल्याला मारतां रे तुम्ही?" एवढेंच त्या म्हणाल्या आणि ताट उचलून स्वयंपाकघरांत गेल्या.

खऱ्या युद्धांतही ही रीत आहे, हें मामंजींनीं हळूंच सांगितलें. त्यानें कोणाचें समाधान झालें नाहीं. मुलानें डाव संपविला, कानांवरचें यंत्र काढून ठेवलें, आणि मग बऱ्याच वेळानें म्हणाला, "त्या दिवशीं आपल्याकडचें असेंच गेलें."

"कोणत्या दिवशीं?"

"तूं नेट बंद केलेंस तेव्हां."

मग हळूहळू सर्व कळलें. नेट बंद झालें म्हणजे त्याचा खेळांतला माणूस नाहींसा होत नाहीं. तो होता तेथें, उघड्या उतारावर, पुतळ्यासारखा उभा राहिला. दुरून कोणीतरी त्याला पाडलें. नागपूरच्या मुलाला वाटलें, आमच्याचा आवाज बंद पडला असेल, माणूस जागेवर आहे. म्हणून तो उठवावयास धांवला, आणि पडला. त्याच्यामागें बेळगांवचा गेला. त्या वेळीं बेटावर अवघे नऊजण उरले होते. एका स्पर्धेंत निवड होण्यासाठीं चौघांनीं तीन आठवडे जे डाव मांडले होते त्यांतला तो शेवटचा, आणि तेवढ्यानें त्यांची निवड हुकली. नागपूरच्या मुलाला त्या निवडीची सर्वांत अधिक आशा होती. तोच मुलगा आठवड्याच्या आंत माझ्या सरावासाठीं अर्धा तास धांवत होता आणि "काकू, लागली का हो?" म्हणून विचारीत होता.

"अरे, मग मला सांगितलें कां नाहींस?"

"तूं विचारलेंच नाहींस, काकू."

जेवणाची हांक मोडणें चूक, हें मी अजूनही म्हणतें. तीन हांका म्हणजे थोड्या नव्हेत. पण मीं बटण दाबलें तें राग आला म्हणून, आणि बंद पडत होतें तें काय, हें पाहिलें नाहीं. माझ्या लेखीं तो एकटा पोरगा आणि एक पडदा होता. पडद्यापलीकडे तीन घरांतलीं तीन मुलें त्याच्या भरंवशावर बसलीं होतीं, हें माझ्या दुर्बिणींत आलेंच नव्हतें. त्या रात्रीं मीं तें यंत्र कानाला लावून नागपूरच्या मुलाची क्षमा मागितली. तिकडून थोडा वेळ कांहींच आवाज येईना. मग म्हणाला, "होतें ना असें, काकू. आमच्याकडे तर वीजच जाते." आणि लगेच, "तुमचा नेम किती मीटरपर्यंत आला?"

सासूबाईंचा प्रश्न मात्र तसाच आहे. मुलानें त्यांची समजूत घालण्याचा प्रयत्न केला कीं, ही सारी चित्रें आहेत, डाव संपला कीं सगळे उठतात, पुन्हां खेळतात. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक आहे रे तें. मी तुला विचारलें तें चित्राविषयीं नाहीं." त्यावर त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि माझ्यापाशींही नाहीं. पडलेल्याला तसाच ठेवून वाट पाहणें त्यानें सोडलें कीं नाहीं, हें मीं त्याला विचारलेलें नाहीं. पडलेल्या सोबत्याकडे धांवून जाणें त्यानें सोडलेलें नाहीं, एवढें पाहिलें आहे. त्यापायीं दोन डाव गेले, आणि बेळगांवचा मुलगा त्याला बरेंच बोललाही.

संगणकाचा निकाल अजून लागावयाचा आहे. भाऊजींच्या मतें तो माळ्यावर जावा. मामंजींच्या मतें शनिवार-रविवार ठेवावा, आणि बाकीचे दिवस त्यांनीं मुलाला पदार्थविज्ञान शिकवावें. गोळीच्या वहीचीं चौदा पानें भरलीं आहेत आणि प्रक्षेप्याचा सबंध धडा त्यांत येऊन गेला, असें त्यांचें म्हणणें. मुलाला हें दुसरें मत पहिल्याहून फार बरें वाटतें असें दिसत नाहीं.

जेवणाच्या वेळेपुरता मात्र एक फरक पडला आहे. आतां "किती मिनिटें?" असें कोणी विचारीत नाहीं, कारण त्याचें उत्तर त्यालाच ठाऊक नसतें. परवां सव्वाआठाला सासूबाई स्वतः त्याच्या दारांत गेल्या आणि म्हणाल्या, "किती उरले रे?"

"एकोणीस, आजी."

सासूबाई परत आल्या आणि मला म्हणाल्या, "वरण इतक्यांत खालीं उतरवूं नको."